वीर्यतपासणीच्या दोन लॅब आणि अहवालातले न वाचलेले रकाने

गेल्या वर्षभरात मी दोन वेगवेगळ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये वीर्यतपासणी करून घेतली. पहिली लॅब आमच्या तालुक्याच्या गावातली, दुसरी कोल्हापुरातली. हा अभिप्राय त्या दोन्ही सेवांविषयी आहे. पहिल्या लॅबचे नाव देत नाही, कारण तिथे जे बिनसले त्यात माझाही वाटा होता. दुसरीचेही देत नाही, कारण एकीचे झाकायचे आणि दुसरीचे मिरवायचे हे काही बरे दिसत नाही.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीच्या पुस्तकातली पुरुष प्रजनन संस्थेची आकृती दरवर्षी फळ्यावर काढतो, वृषण, शुक्रवाहिनी, शुक्राशय, पुरस्थ ग्रंथी, काउपर ग्रंथी अशी नावे बाणांनी दाखवतो आणि मुले माना खाली घालून हसू लागली की आवाज जरा चढवून पुढच्या मुद्द्याकडे वळतो. असे असूनही स्वतःचा अहवाल हाती आला तेव्हा मी एकच आकडा शोधला, शुक्राणूंची संख्या. बाकीचे रकाने मी वाचलेच नाहीत, आमच्या डॉक्टरांनीही वाचले नाहीत, आणि लॅबने तर ते भरण्यापुरतेच भरले होते. त्या न वाचलेल्या रकान्यांतच सगळे उत्तर होते, हे कळायला मला चार महिने लागले.

लग्नाला तीन वर्षे झाली तरी मूल नाही म्हटल्यावर आपल्याकडे जे होते ते आमच्याकडेही झाले. पत्नीच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, तीनदा सोनोग्राफी झाली, गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्याची ती त्रासदायक क्ष-किरण तपासणीही झाली. त्यानंतर एका संध्याकाळी ती शांतपणे म्हणाली, "अहो, आता तुमचीच तेवढी राहिली ना?" तिच्या तपासण्यांना वर्ष गेले होते. माझ्या तपासणीला सुई नाही, भूल नाही, खर्च साडेतीनशे रुपये. तरीही ती सर्वांत शेवटी आली, याचे मला आजही वाईट वाटते.

पहिल्या लॅबमध्ये नमुना देण्यासाठी वेगळी खोली नव्हती. लघवीचा नमुना देणारे रुग्ण जे स्वच्छतागृह वापरत तेच दाखवण्यात आले. कडी नीट बसत नव्हती. हातात डबी दिली गेली, तिच्यावर नाव होते, पण शेवटच्या स्खलनाला किती दिवस झाले, म्हणजे किती दिवसांचा खंड आहे, हात धुतले का, साबण किंवा तेल वापरायचे नाही, यातले काहीही कोणी विचारले वा सांगितले नाही. नेमक्या नको त्या क्षणी बाहेरून कोणीतरी दार ठोठावले, माझा हात हलला आणि पहिला भाग डबीबाहेर सांडला. उरलेले डबीत आले. मी ती डबी खिडकीत ठेवली आणि मान खाली घालून बाहेर पडलो. टेक्निशियनने विचारले नाही, मी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशीच्या अहवालात प्रमाण १.२ मिलिलिटर, सामू (म्हणजे पीएच, आम्ल-अल्कतेचे माप) ८.४, चिकटपणा वाढलेला, ६० मिनिटांनंतरही द्रवीभवन अपूर्ण आणि शुक्राणूंची संख्या प्रति मिलिलिटर ७० लाख असे लिहिले होते. नमुना किती वाजता घेतला आणि किती वाजता तपासला हे दोन्ही रकाने कोरे होते. फ्रुक्टोज या साखरेच्या रकान्यासमोर 'पॉझिटिव्ह' असे छापलेले होते. ही चाचणी खरोखर केली का, असे मी नंतर जाऊन विचारले तेव्हा काउंटरवरून उत्तर मिळाले, "सर, ते नेहमी पॉझिटिव्हच असतं." विज्ञानाच्या शिक्षकाला रात्रभर जागे ठेवायला एवढे एक वाक्य पुरते.

आमच्या डॉक्टरांनी संख्येवर बोट ठेवले, 'काउंट कमी आहे' असे सांगितले आणि तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन महिन्यांना तसा आधार आहे, कारण वृषणात शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. पण त्या तीन महिन्यांत मी मनाने पार खचलो होतो. एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवरच्या जाहिराती, ज्यांच्याकडे आयुष्यभर हसत पाहिले, त्या मी एकदा थांबून वाचल्या, हेही कबूल करतो.

कोल्हापूरच्या लॅबमध्ये गेलो तो एका सहकाऱ्याच्या आग्रहामुळे. तिथे नमुन्यासाठी स्वतंत्र खोली आहे, आतून लागणारी भक्कम कडी आहे आणि खोलीच्या बाहेर बाक नाही, ही तिसरी गोष्ट ज्याने कोणी ठरवली असेल त्याला माणसाची ओळख आहे. डबी देण्याआधी ती तराजूवर ठेवून झाकणावर पेनने १२.४ असा आकडा लिहिला गेला. खंड किती दिवसांचा, ताप येऊन गेला का, कोणती औषधे चालू आहेत, हे विचारून अर्ज भरून घेतला. खंड दोन ते सात दिवसांचा असावा लागतो, माझा चार दिवसांचा होता. नमुना दिल्यावर टेक्निशियन मुलाने घड्याळ पाहून वेळ लिहिली आणि अगदी सहज, जणू बसचे तिकीट विचारावे तसे विचारले, "सर, नमुना पूर्ण आला ना? सुरुवातीचा किंवा शेवटचा काही भाग सांडला नाही ना?"

मी म्हटले, या वेळी नाही. 'या वेळी' हे शब्द ऐकून तो थांबला आणि आतून डॉक्टर मॅडमना बोलावून आणले.

मॅडमनी माझा जुना अहवाल पाहिला आणि संख्येच्या रकान्याला हातही न लावता सामूवर आणि द्रवीभवनावर पेन्सिलने गोल केले. मग त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे एक आकृती काढली. ती माझ्या फळ्यावरच्या आकृतीसारखीच होती, फरक इतकाच की त्यांच्या आकृतीत बाणांच्या टोकाशी नावांऐवजी क्रम होता, आधी काय येते, मग काय येते, शेवटी काय येते. इतकी वर्षे हा धडा शिकवून मला हा क्रम ठाऊक नव्हता.

वीर्य म्हणजे शुक्राणू, अशी आपली ठाम समजूत असते. प्रत्यक्षात वृषण आणि त्याला चिकटलेली गुंडाळलेली नळी म्हणजे अधिवृषण यांच्याकडून येणारा भाग जेमतेम २ ते ५ टक्के असतो. बाकी सगळा द्रव सहायक ग्रंथींचा. चाळीस थेंब रक्तातून वीर्याचा एक थेंब होतो, हे ज्याने त्याने कुठेतरी ऐकलेले असते आणि त्यावर कित्येकांची दुकाने चालतात, पण तो थेंब म्हणजे लाळेसारखा किंवा घामासारखा ग्रंथींनी तयार केलेला स्राव आहे. नसबंदीनंतर वीर्याच्या प्रमाणात जाणवण्यासारखा फरक पडत नाही तो याचमुळे. शुक्रवाहिनी बांधली जाते, ग्रंथींचे काम चालूच राहते. आमच्या स्टाफरूममध्ये हे सांगितले तेव्हा दोन मुले झालेल्या एका गुरुजींनी पेपर खाली ठेवून माझ्याकडे पाहिले होते.

सर्वांत आधी काउपर ग्रंथींचे काम असते. वाटाण्याएवढ्या या दोन ग्रंथी पुरस्थ ग्रंथीच्या खाली असतात आणि स्खलनापूर्वी थोडा पारदर्शक, बुळबुळीत, अल्कधर्मी स्राव मूत्रमार्गात सोडतात. मूत्रमार्ग हा लघवीचाही रस्ता असल्याने तिथे आम्लता उरलेली असते, ती या स्रावाने निवळते आणि मार्ग ओला होतो. इंग्रज शल्यविशारद विल्यम काउपर यांच्या नावावरून या ग्रंथी ओळखल्या जातात. प्रमाणाच्या हिशेबात त्यांचा वाटा नगण्य आणि अहवालात त्यांच्यासाठी रकाना नाही.

त्यानंतर येतो तो पुरस्थ ग्रंथीचा स्राव, आणि शुक्राणूंचा मोठा लोंढा त्याच्याच बरोबर येतो. ही ग्रंथी अक्रोडाएवढी, वजनाने सुमारे २० ग्रॅम, मूत्राशयाच्या अगदी खाली मूत्रमार्गाला वेढून बसलेली. मराठी विश्वकोशात तिला अष्ठीला म्हटले आहे, पुस्तकात पुरस्थ, आणि दवाखान्यात सगळे प्रोस्टेट म्हणतात. वीर्याचा साधारण २० ते ३० टक्के भाग तिचा. तिचा स्राव पातळ, किंचित आम्ल असतो. त्यात जस्त आणि सायट्रेट भरपूर असते आणि पीएसए नावाचे एक विकर (एन्झाइम) असते. वडिलांना लघवीचा त्रास सुरू झाला तेव्हा त्यांच्या रक्तात हेच पीएसए तपासले होते आणि मी तो आकडा कर्करोगाच्या भीतीने पाहिला होता. रक्तात त्याचे काही काम नाही, तिथे ते फक्त ग्रंथीतून झिरपून आलेले असते. त्याचे खरे काम काय, हे मला त्या दिवशी मॅडमच्या टेबलावर समजले.

शेवटी येतो शुक्राशयांचा स्राव, आणि द्रवाचा सर्वांत मोठा वाटा, सुमारे ६५ ते ७० टक्के, त्याचाच. मूत्राशयाच्या मागे, मलाशयाच्या पुढे असलेल्या या दोन पिशव्या जेमतेम ५ सेंटिमीटर लांब दिसतात, पण त्या गुंडाळलेल्या नळ्या आहेत, उलगडल्या तर १० ते १५ सेंटिमीटर भरतील. त्यांचा स्राव घट्ट, पिवळसर, अल्कधर्मी असतो आणि त्यात शुक्राणूंना पोहण्यासाठी लागणारे इंधन म्हणजे फ्रुक्टोज असते. योनीमार्गातले वातावरण आम्ल असते, त्यात शुक्राणू तग धरतात ते वीर्याच्या या अल्कधर्मी गुणामुळे. गंमत अशी की शुक्राशय हे नावच चुकीचे आहे. शुक्राणूंचा साठा तिथे नसतो, तो अधिवृषणात आणि शुक्रवाहिनीच्या टोकाशी असतो. या स्रावात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये असतात, त्यांचे नाव १९३५ साली उल्फ फॉन ऑयलर यांनी ती प्रोस्टेटमधून येतात असे समजून ठेवले, आणि निघाली ती मुख्यतः शुक्राशयातली. म्हणजे एका ग्रंथीला दुसऱ्याचे काम चिकटले आणि तिच्या मालाला दुसऱ्या ग्रंथीचे नाव. परीक्षेला मात्र आम्ही गाळलेल्या जागा भरून घेतो.

शुक्राशयांच्या स्रावात सेमिनोजेलिन हे प्रथिन असते. त्यामुळे वीर्य बाहेर पडताच काही क्षणांत दह्यासारखे साकळते. मग प्रोस्टेटमधले पीएसए त्या प्रथिनाचे तुकडे करते आणि १५ ते ३० मिनिटांत, फार तर तासाभरात, सगळे पुन्हा पातळ होते. अहवालातला द्रवीभवनाचा रकाना म्हणजे या दोन ग्रंथींच्या देवघेवीची नोंद असते.

आता माझ्या पहिल्या नमुन्याकडे पाहा. सांडला तो पहिला भाग, म्हणजे प्रोस्टेटचा स्राव आणि बहुतांश शुक्राणू. डबीत उरले ते मुख्यतः शुक्राशयांचे. साहजिकच संख्या कमी आली. आम्ल भाग गेल्यामुळे सामू ८.४ वर चढला. साकळवणारे प्रथिन भरपूर आणि ते तोडणारे पीएसए अपुरे, त्यामुळे तासाभरानेही द्रवीभवन अपूर्ण आणि चिकटपणा जास्त. चारही रकाने एकच गोष्ट सांगत होते की नमुना अर्धा आहे. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या वृषणांना दोष द्यायच्या आधी डबीला विचारायला हवं होतं." उलट शेवटचा भाग सांडला असता तर प्रमाण आणि सामू दोन्ही खाली गेले असते.

नवीन नमुन्याची तपासणी मी शेजारी उभा राहून पाहिली. विज्ञानाचा शिक्षक आहे म्हटल्यावर मॅडमनी हरकत घेतली नाही, आणि या लॅबला मी सर्वांत जास्त गुण देतो ते याच मोकळेपणाबद्दल. डबी पुन्हा तराजूवर गेली, आकडा १५.२ आला, म्हणजे नमुना २.८ ग्रॅम, मिलिलिटरमध्येही जवळपास तेवढाच. डबीतून सिरिंजमध्ये ओढून मोजले तर थोडा द्रव कडेला चिकटून राहतो आणि प्रमाण कमी भरते, म्हणून वजन. मग डबी ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवली. सुरुवातीला आत साबुदाण्याच्या लापशीसारख्या गुठळ्या स्पष्ट दिसत होत्या. २५ व्या मिनिटाला बाहेर काढून पिपेटमधून थेंब सोडले तेव्हा ते एकेक करून सुटे पडले. तार दोन सेंटिमीटरहून लांब ओढली गेली तर चिकटपणा जास्त समजतात, माझी तार तुटली. सामूच्या पट्टीचा रंग ७.६ शी जुळला.

फ्रुक्टोजची चाचणी मी मुद्दाम मागून घेतली. माझ्या नमुन्यात शुक्राणू दिसत असल्यामुळे तिची तशी गरज नव्हती, हे मॅडमनी आधीच सांगितले आणि जादा पैसेही घेतले नाहीत. परीक्षानळीत हायड्रोक्लोरिक आम्लातले रिसॉर्सिनॉल घेतले, नमुन्याचे थोडे थेंब टाकले आणि नळी उकळत्या पाण्यात धरली. बी.एस्सी.ला सेलिवानॉफ चाचणी म्हणून मी ती ऊस आणि फळांच्या रसावर केली होती. एक-दोन मिनिटांत द्रावण आधी फिकट केशरी आणि मग कुंकवाकडे झुकणारे लाल झाले. स्वतःच्या शुक्राशयांचे काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा योग फारसा कोणाला येत नसावा.

ही चाचणी खरी उपयोगी पडते ती नमुन्यात एकही शुक्राणू नसतो तेव्हा. प्रमाण फार कमी, सामू ७.२ च्या खाली आणि रंग आलाच नाही, तर स्खलनवाहिनी बंद आहे किंवा शुक्रवाहिन्या आणि शुक्राशय जन्मतःच नीट तयार झालेले नाहीत, असा संशय घ्यावा लागतो. अशा माणसाच्या वृषणात शुक्राणू उत्तम तयार होत असू शकतात आणि ते सुईने काढून उपचारही करता येतात. म्हणून 'ते नेहमी पॉझिटिव्हच असतं' हे उत्तर मला इतके लागले. ज्याचे खरोखर निगेटिव्ह असेल, त्याच्या बाबतीत एका छापील शब्दामुळे पुढची सगळी वाट चुकेल.

अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. संख्या प्रति मिलिलिटर ४ कोटी १० लाख, हालचाल करणारे ५२ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणीच्या पुस्तिकेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीनुसार खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आणि ४२ टक्के आहे, प्रमाणाची १.४ मिलिलिटर. पांढऱ्या पेशी नगण्य होत्या, त्या जास्त असत्या तर ग्रंथींना जंतुसंसर्ग झाला आहे का हे पाहावे लागले असते. तरीही एका नमुन्यावर शिक्कामोर्तब करू नये, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा या, असे मॅडमनी स्वतःहून सांगितले.

उणिवाही सांगायला हव्यात. अहवाल पूर्णपणे इंग्रजीत आहे आणि मॅडम हजर नसतील तर तो समजावून सांगणारे तिथे कोणी नाही. तपासणी आठशे रुपयांना पडते, म्हणजे तालुक्याच्या दुपटीहून जास्त, आणि ऊसतोडीवर जाणाऱ्या माणसाला ती परवडणारी नाही. लॅब दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बहुतेक वेळा बंद. नमुना सकाळी आठ ते साडेअकराच्या आतच घेतात, त्यामुळे बाहेरगावाहून येणाऱ्याला पहाटेची गाडी धरावी लागते. घरून आणायचा असेल तर अर्ध्या तासात, फार तर तासाच्या आत, अंगाच्या उबेत खिशात ठेवून आणा असे सांगतात, पण ज्याचे घर दीड तासावर आहे त्याने काय करावे याला उत्तर नाही. आणि नमुना अर्धा आला तर काय करायचे, हे खोलीत कुठेही लिहिलेले नव्हते. तो मुलगा विचारतो म्हणून कळते. तो रजेवर असेल त्या दिवशी कोण विचारणार, असे मी मॅडमना म्हटले, तर त्यांनी कोरा कागद पुढे करून "मग सर, तुम्हीच लिहून द्या" असे सांगितले.

पुढच्या महिन्यात दुसरा नमुना द्यायला गेलो तेव्हा खोलीच्या दारावर आतल्या बाजूला, कडीच्या वर, तो मजकूर टाइप करून चिकटवला होता: 'नमुन्याचा कोणताही भाग बाहेर सांडल्यास संकोच न करता सांगावे. नमुना पुन्हा घेतला जाईल, जादा पैसे पडणार नाहीत.' शब्द सगळे माझेच होते, फक्त 'संकोच' वरचा अनुस्वार राहून गेला होता. खिशातले लाल पेन काढून तो मी दिला आणि मग कडी लावली.